पहिला महागडा घडीचा चाकू: वापरलेला घ्या, पण पारखून घ्या

अमेरिकेत घडीचे चाकू जमवणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्यात नव्याने सामील होणारा माणूस बहुधा एकच चूक करतो. त्याला सर्वांत देखणा वाटलेला चाकू तो पूर्ण किमतीला नवाकोरा विकत घेतो, सहा महिन्यांत त्याचा कंटाळा येतो आणि विकायला काढल्यावर कळते की त्याला गिऱ्हाईकच नाही. माझे म्हणणे असे की पहिला महागडा चाकू वापरलेला घ्यावा, ज्याला बाजारात कायम मागणी असते असाच घ्यावा, आणि घेताना चाकूइतकीच विकणाऱ्याचीही पारख करावी. असा चाकू वर्षभर वापरून पुढे विकला, तर पदरचे जाते ते बहुतेक वेळा टपालखर्च आणि थोडीफार घट एवढेच. मिळालेला अनुभव मात्र आपल्याकडेच राहतो.

महागडा म्हणजे किती, हेही स्पष्ट करतो. तीस-चाळीस डॉलरचा चांगला घडीचा चाकू सफरचंद कापतो, खोकी फोडतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. चारशे-पाचशे डॉलर मोजणाऱ्याला त्याहून चौदापट चांगले कापता येत नाही. तो पैसे मोजतो ते भाग एकमेकांत किती अचूक बसले आहेत त्यासाठी, पाते मिटतानाच्या त्या संथ, तेलकट हालचालीसाठी आणि दुरुस्तीला मागे उभ्या असलेल्या कारागिरासाठी. हे मान्य नसेल तर इथेच थांबावे, त्यात काहीही कमीपणा नाही.

या लेखात मी उदाहरण म्हणून एकच चाकू धरला आहे. मूळचे दक्षिण आफ्रिकेतले कारागीर ख्रिस रीव्ह १९८९ साली अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, बॉइसी शहरात स्थायिक झाले आणि तिथे त्यांनी सेबेन्झा नावाचा चाकू बाजारात आणला. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ काम असा आहे. मूठ म्हणजे टायटॅनियमच्या दोन पट्ट्या. त्यांतली एक अशी चिरलेली असते की पाते पूर्ण उघडताच तिचा आतला भाग स्प्रिंगसारखा सरकून पात्याच्या मागे येतो आणि पाते अडवून धरतो. या रचनेला आज सगळे फ्रेम लॉक म्हणतात. निम्म्या बाजाराने तिची नक्कल केली आहे आणि वापरलेल्या सेबेन्झाला गिऱ्हाईक मिळाले नाही असे मी ओहायोतल्या इतक्या वर्षांत पाहिलेले नाही, म्हणून शिकायला हाच बरा.

पहिली पायरी: कायदा

चाकू जिथे खिशात राहणार तिथला कायदा निवडीआधी वाचावा, कारण एका ठिकाणी अवजार असलेली वस्तू दुसऱ्या ठिकाणी गुन्हा ठरते. अमेरिकेत बटण दाबताच आपोआप उघडणाऱ्या, म्हणजे खटक्याच्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर १९५८ च्या संघीय कायद्याने निर्बंध आहेत, ते टपालाने पाठवण्यावरही बंधने आहेत, आणि हाताने उघडायच्या चाकूंबाबत प्रत्येक राज्याचे, कधी कधी शहराचेही नियम निराळे आहेत. नवख्याने खटक्याच्या चाकूंच्या वाटेला जाऊ नये हे उत्तम. ब्रिटनमध्ये कारण न देता बाळगता येतो तो फक्त तीन इंचांपर्यंत धार असलेला आणि उघडल्यावर लॉक न होणारा घडीचा चाकू. त्यामुळे तिथल्या मराठी वाचकांनी या लेखातले चाकू घरी जमवण्याची वस्तू समजावेत, बाळगण्याची नव्हे.

भारतात शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेतीच्या आणि औद्योगिक कामाची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. खिशातला चाकू या मापाच्या बराच आत बसतो, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. दिल्लीत १९८० सालच्या अधिसूचनेने गरारीदार (दातेरी चक्राचे), बटणाचे आणि इतर यांत्रिक रचनेने उघडणारे-मिटणारे चाकू, पाते ७.६२ सेंटीमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटीमीटर किंवा त्याहून रुंद असल्यास, निर्बंधाखाली आणले आहेत. महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्या काळात सार्वजनिक जागी चाकू बाळगणे अंगाशी येऊ शकते. अमेरिकेतल्या भावाने भेट म्हणून कुरिअरने चाकू पाठवावा ही कल्पनाही सोडून द्यावी, कारण डिसेंबर २०१९ पासून टपालाने किंवा कुरिअरने भेट म्हणून वस्तू आयात करायला, राखी आणि जीवरक्षक औषधे सोडली, तर मनाई आहे. रीतसर आयात करून शुल्क भरणे हाच मार्ग. विमानातून नेताना चाकू केबिनच्या पिशवीत कधीही राहू देऊ नये; सवयीने खिशात राहिलेला चाकू सुरक्षा तपासणीत कायमचा गमावणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसरी पायरी: भाषा शिकणे

इंटरनेटवरच्या विक्रीच्या जाहिराती वाचण्यापूर्वी दहा-बारा शब्द पक्के असावेत. पाते ज्या खिळ्यावर फिरते तो पिव्हट. पाते आणि मूठ यांच्यामध्ये असतात त्या चकत्या म्हणजे वॉशर. सेबेन्झात त्या फॉस्फर ब्राँझच्या असतात, तर झटक्यात उघडणाऱ्या अनेक चाकूंत त्यांच्या जागी बॉल बेअरिंग असते. मिटलेले पाते खिशात आपोआप उघडू नये म्हणून लॉकच्या पट्टीवर एक बारीक गोळी असते, ती पात्यातल्या खळगीत बसते आणि या पकडीला डिटेंट म्हणतात. उघडलेले पाते हाताने हलवल्यावर जाणवणारी ढिलाई म्हणजे प्ले. मिटलेले पाते दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मधोमध आहे की नाही, याला सेंटरिंग म्हणतात.

लॉकचे प्रकार पुष्कळ आहेत, पण नवख्याला तीन पुरेत. मूठीच्या आतल्या पातळ पट्टीने पाते अडवणारे लायनर लॉक, ज्याला मायकल वॉकर या अमेरिकी कारागिराने १९८० च्या सुमारास आजचे रूप दिले. वर सांगितलेले फ्रेम लॉक. आणि बेंचमेड कंपनीने १९९८ साली आणलेले ॲक्सिस लॉक, ज्यात पात्यामागे आडवी कांडी सरकते आणि डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी चाकू सारखाच वापरता येतो.

राहिले विकणाऱ्यांचे शब्द. सेफ क्वीन म्हणजे तिजोरीतून कधी बाहेर न पडलेला चाकू. कॅरीड म्हणजे खिशात वागवलेला. कट म्हणजे प्रत्यक्ष कापण्यासाठी वापरलेला. युजर म्हणजे भरपूर वापरलेला, ओरखडे असलेला, पण ठणठणीत. जाहिरातीत लाइक न्यू लिहिलेले असले आणि पुढे वाक्याच्या शेवटी हळूच एकदा धार लावली आहे असे असले, तर तो चाकू नव्यासारखा नाही, तो युजर आहे, आणि किंमतही त्याच हिशोबाने बोलावी.

तिसरी पायरी: पोलादाचा मोह आवरणे

नवखे लोक पोलादावर सर्वांत जास्त वाद घालतात आणि माझ्या मते त्यात सर्वांत जास्त वेळ वाया जातो. तरी थोडे माहीत असावे, कारण पोलादाच्या नावावर चाकूचे वय आणि किंमत ठरते. २००१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या क्रुसिबल कंपनीने एस३०व्ही हे पावडरचे पोलाद आणले, त्याच्या घडणीत ख्रिस रीव्ह यांचाही सल्ला होता. वितळलेले पोलाद वायूच्या झोताने फवारून त्याची भुकटी करतात आणि ती उष्णता व दाबाखाली घट्ट करून लादी बनवतात. त्यामुळे झिजेला तोंड देणारे कठीण कण बारीक आणि सारखे पसरलेले राहतात. २००९ साली त्यात नायोबियम घालून एस३५व्हीएन आले, २०१९ साली एस४५व्हीएन, आणि २०२१ साली धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांचे मॅग्नाकट. मॅग्नाकटमध्ये क्रोमियमचे मोठे कण राहणार नाहीत असे मिश्रण साधले आहे, म्हणून ते सहजी गंजत नाही आणि तुटकेही नाही. क्रुसिबल कंपनी मात्र २०२४ च्या शेवटी दिवाळखोरीत गेली.

यातले कुठलेही पोलाद पहिल्या चाकूला पुरेसे आहे. पात्याची जाडी, धारेचा कोन आणि उष्णतेची प्रक्रिया यांचा फरक हाताला जेवढा कळतो, तेवढा एस३५व्हीएन आणि एस४५व्हीएन यांच्यातला कळत नाही. अपवाद एकच: मुंबई, गोवा किंवा कोकणात राहणाऱ्याने सीपीएम एम४ किंवा के३९० यांसारखी न-स्टेनलेस पोलादे टाळावीत. जुलैच्या दमट हवेत घामेजल्या खिशात त्यांच्यावर दोन दिवसांत तांबूस ठिपके येतात.

चौथी पायरी: किंमत ठरवणे

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवखा पहिलीवरूनच बाजार समजतो. निदान महिनाभर काही न घेता नुसत्या जाहिराती पाहाव्यात. कोणता चाकू किती दिवसांत गेला, कोणत्याची किंमत तीनदा उतरली, कोणता तासाभरात उचलला गेला, याची वहीत नोंद ठेवावी. महिन्याच्या शेवटी साध्या, नक्षी नसलेल्या सेबेन्झाची चालू किंमत दहा-वीस डॉलरच्या फरकाने सांगता आली पाहिजे.

या नोंदींतून दोन गोष्टी लवकर ध्यानात येतात. साधा चाकू आपली किंमत राखून ठेवतो. डमास्कसचे, म्हणजे थरांची नक्षी दिसणारे पाते, मूठीत जडवलेले लाकूड किंवा मॅमथच्या सुळ्याचे तुकडे यांसाठी पहिल्या मालकाने मोजलेली वाढीव रक्कम पुन्हा विकताना पूर्ण मिळत नाही. जडावाचा चाकू हवाच असेल तर तो दुसऱ्या हाताचा घ्यावा. दुसरी गोष्ट खोके आणि कागदपत्रांची. ख्रिस रीव्हच्या चाकूबरोबर त्याची तारीख लिहिलेले एक कार्ड येते, त्याला सगळे बर्थ कार्ड म्हणतात. ते नसेल तर किंमत उतरते, आणि असले तरी ते त्याच चाकूचे आहे याची खात्री करावी लागते. पत्रिका आणि स्थळ वेगवेगळे तपासावे हे मराठी माणसाला निराळे सांगायला नको.

पाचवी पायरी: विकणारा आणि त्याची छायाचित्रे

हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती मी पैसे गमावून शिकलो. माझा दुसरा सेबेन्झा मी चार सुंदर छायाचित्रे पाहून घेतला. चारही छायाचित्रे एकाच बाजूची होती, पाते किंचित तिरके धरलेले, मागे अक्रोडाच्या लाकडाचे टेबल. चाकू आला, उघडला, छान चालला. संध्याकाळी सहज व्हर्निअर कॅलिपर लावले तेव्हा पाते ८८.५ मिलीमीटर भरले. थोरल्या, म्हणजे मोठ्या मापाच्या सेबेन्झाचे पाते साधारण ९२ मिलीमीटर असते. टोक कधीतरी तुटले होते आणि कोणीतरी फिरत्या सँडपेपरच्या पट्ट्यावर घासून नवे टोक काढले होते. भिंगातून पाहिल्यावर टोकाजवळ घासण्याच्या रेषा पात्याच्या मूळ रेषांना काटकोनात गेलेल्या दिसल्या. विकणाऱ्याने विचारल्यावर सांगितले की मी लांबीबद्दल काही विचारलेच नव्हते, आणि ते खरे होते.

तेव्हापासून मी पैसे देण्यापूर्वी ठरावीक छायाचित्रे मागतो आणि तुम्हीही मागावीत. चाकूशेजारी कागदावर विकणाऱ्याचे नाव आणि आजची तारीख हाताने लिहिलेली असावी, म्हणजे चाकू त्याच्याच हातात आहे आणि छायाचित्र दुसरीकडून उचललेले नाही हे कळते. पाते दोन्ही बाजूंनी, पट्टीशेजारी ठेवून, सपाट प्रकाशात. मिटलेला चाकू वरून, पाते मधोमध आहे का हे दिसेल असा. उघडलेला चाकू लॉकच्या जागी, पट्टी पात्याच्या मागे किती सरकली आहे ते दिसेल असा. धार दिव्यासमोर धरून. बोथट किंवा टवका गेलेली जागा तिथे पांढरी चमकते. शेवटी स्क्रूंची डोकी जवळून. खरा विकणारा ही छायाचित्रे दहा मिनिटांत पाठवतो. जो कारणे सांगतो, प्रवासात आहे म्हणतो किंवा दुसरे गिऱ्हाईक थांबले आहे असे सांगून घाई करतो, त्याच्याकडून काहीही घेऊ नये.

विकणाऱ्याने आधी किती व्यवहार केले आहेत, त्यांबद्दल समोरच्यांनी काय लिहिले आहे आणि ते व्यवहार चाकूंचेच होते का, हे वाचावे. अनेक वर्षे गप्प असलेले खाते अचानक पाच महागडे चाकू स्वस्तात काढते तेव्हा ते बहुधा मूळ मालकाच्या हातात राहिलेले नसते.

सहावी पायरी: बनावट माल

सेबेन्झा, रिक हिंडरर यांचा एक्सएम-१८, स्पायडर्कोचा पॅरामिलिटरी २, मायक्रोटेकचे अनेक चाकू या सर्वांच्या नकला सर्रास मिळतात. इथे एक अन्याय टाळायला हवा: चीनमधल्या यांगजियांग परिसरातल्या रिएट आणि वी यांसारख्या कंपन्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या रचनेचे उत्तम चाकू बनवतात आणि त्यांच्या कामाची सफाई अनेक अमेरिकी कारखान्यांना लाजवेल अशी असते. तक्रार त्यांच्याबद्दल नाही. दुसऱ्याची खूण कोरून विकणाऱ्यांबद्दल आहे.

घरी करण्यासारखी पहिली चाचणी लोहचुंबकाची. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही, पात्याला चिकटतो; मूठीला चिकटला तर वाद संपला. पण चांगल्या नकलांची मूठही टायटॅनियमचीच असते, म्हणून वजन पाहावे. थोरला सेबेन्झा साधारण १३५ ग्रॅम भरतो. मग कोरलेली अक्षरे भिंगातून पाहावीत, मूठीच्या कडा सगळीकडे सारख्या मऊ केल्या आहेत का हे बोटाने पाहावे, आणि शंका राहिली तर कारखान्यालाच छायाचित्रांसह विचारावे. सर्वांत मोठी खूण तरीही किंमतच आहे. पाचशेचा चाकू कोणी दीडशेला देत असेल तर तो चाकू पाचशेचा नाही.

सातवी पायरी: पैसे देणे

पेपालने पैसे देताना दोन मार्ग दिसतात. मित्र आणि कुटुंबीयांसाठीच्या मार्गाला सहसा शुल्क लागत नाही, पण वस्तू आली नाही तर खरेदीदाराला कसलेही संरक्षण नाही. वस्तू आणि सेवांसाठीच्या मार्गाला सुमारे तीन टक्के शुल्क लागते आणि तक्रार करता येते. झेलसारख्या बँकेतून थेट जाणाऱ्या पैशांनाही परतीची वाट नाही. तीन टक्के वाचवण्यासाठी विकणारा पहिला मार्ग सुचवतो तेव्हा नम्रपणे शुल्क मी भरतो म्हणावे. पहिल्या दहा व्यवहारांत हा नियम कोणासाठीही मोडू नये, अगदी सांगलीच्या बाजूचा, तुमच्याच तालुक्यातला माणूस निघाला तरी. उलट ओळखीच्या माणसाशी व्यवहार करताना संकोचाने कमी विचारले जाते आणि नुकसान तिथेच होते.

आठवी पायरी: चाकू हातात आल्यावर

खोके उघडण्यापूर्वी मोबाइल उभा करून चित्रीकरण सुरू करावे. मग घाई न करता, चांगल्या प्रकाशात, टेबलावर कापड पसरून पुढील क्रमाने तपासावे.

माझी आजी जत्रेत अडकित्ता घेताना आधी सुपारी कातरत नसे. दोन्ही दांड्या उघड्या धरून ती त्या आडव्या हलवून पाही आणि सांध्यात जराही खडखड लागली तर, पितळेवर मोर कितीही सुंदर असो, खाली ठेवी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले जुने अडकित्ते पाहताना मला तिचीच आठवण येते. नक्षी सगळे पाहतात, मी सांधा पाहतो. घडीच्या चाकूलाही हाच न्याय लागू आहे. धार पुन्हा लावता येते, सांधा बिघडलेला असेल तर प्रकरण कारखान्यापर्यंत जाते.

म्हणून पाते उघडून मूठ एका हातात घट्ट धरावी, दुसऱ्या हाताने पात्याची पाठ आणि बाजू पकडून आधी डावीकडे-उजवीकडे आणि मग वर-खाली हलकेच रेटावे. बाजूचा किंचित प्ले बहुधा पिव्हट ढिला झाल्याने येतो आणि आवळल्यावर जातो. वर-खालचा प्ले गंभीर असतो, कारण लॉकची पट्टी पात्याला नीट भिडत नाही असा त्याचा अर्थ आहे. हे पाहताना लॉकच्या पट्टीवर अंगठा दाबलेला नाही ना, याची खबरदारी घ्यावी.

मग लॉक. पट्टी पात्याच्या मागच्या भागाच्या किती रुंदीवर सरकून थांबते ते पाहावे. साधारण तिसरा हिस्सा ते निम्म्यापर्यंत असेल तर उत्तम. जेमतेम काठावर टेकत असेल तर निसटण्याची भीती. पार पलीकडच्या पट्टीला जाऊन भिडत असेल तर झीज संपत आलेली. उघडलेल्या पात्याची पाठ जाड पुठ्ठ्यावर टेकवून, बोटे पात्याच्या वाटेतून पूर्ण बाहेर ठेवून, मूठीवर तळव्याने सावकाश दाब वाढवावा. लॉक हलता कामा नये. पात्याची पाठ टेबलावर आपटून पाहण्याची पद्धत काही लोक सांगतात. त्याने काहीही सिद्ध होत नाही आणि चांगल्या चाकूचे लॉकही खराब होते.

लॉक सोडताना पट्टी चिकटल्यासारखी वाटली, अंगठ्याला जोर द्यावा लागला, तर घाबरू नये. टायटॅनियम आणि पोलाद एकमेकांवर घासताना ही चिकट नव्या चाकूंतही असते. सेबेन्झाच्या २०१९ च्या शेवटी आलेल्या ३१ या आवृत्तीत लॉकच्या टोकाला सिरॅमिकची गोळी बसवली आहे, ती पात्याला भिडते.

यानंतर सेंटरिंग, डिटेंट आणि कॅलिपरने लांबी. डिटेंटसाठी मिटलेला चाकू, पाते जिथून बाहेर येते ती बाजू खाली करून, हलकेच झटकावा, पाते उघडता कामा नये. शेवटी वरवरचे ओरखडे. टायटॅनियमच्या मूठीवर किल्ल्या-नाण्यांनी गोगलगाय चालून गेल्यासारख्या चकचकीत रेषा उमटतात आणि जाणकार त्यांना तसेच नाव देतात. किंमत बोलताना त्यांचा उपयोग होतो, वापरताना त्यांनी काहीही बिघडत नाही.

चाकू खोलून आतून पाहावा का? बऱ्याच कंपन्यांच्या हमीत खोलल्यावर अडचण येते, म्हणून अटी आधी वाचाव्यात. ख्रिस रीव्हच्या कारखान्याला मालकाने चाकू खोलून साफ केलेला चालतो, आणि हे मी त्याची शिफारस करण्यामागचे आणखी एक कारण आहे. सेबेन्झाच्या पिव्हटला बुश, म्हणजे भोवती धातूची नळी असल्याने स्क्रू पूर्ण आवळला तरी पाते अडकत नाही. आत कपड्यांचे काळपट धागे आणि सुकलेले ग्रीस सापडेल. वॉशर पुसून, थेंबभर ग्रीस लावून पुन्हा जोडावा. पहिल्यांदा जोडताना छोटे भाग पांढऱ्या ताटलीत ठेवावेत. माझा एक वॉशर गालिच्यात गेला आणि तासाभराने बायकोला सापडला.

खोट निघाली तर त्याच दिवशी, चित्रीकरणासह, शांत भाषेत विकणाऱ्याला कळवावे. बहुतेक लोक पैसे परत देतात किंवा किंमत कमी करून घेतात.

नववी पायरी: अदलाबदल

वर्षभराने दुसरा चाकू खुणावू लागतो. अदलाबदलीत एकाच चाकूच्या दोन किमती असतात, रोखीची आणि बदल्यातली, आणि बदल्यातली नेहमी थोडी चढी सांगितली जाते. दोन्ही बाजूंनी चढी किंमत धरली तर कोणाचे बिघडत नाही; समोरचा स्वतःच्या चाकूची चढी आणि तुमच्या चाकूची रोखीची किंमत धरत असेल तर ते ओळखता आले पाहिजे. म्हणून बोलणी सुरू होण्यापूर्वी दोन्ही चाकूंच्या रोखीच्या किमती कागदावर लिहाव्यात आणि फरक त्यावरून काढावा. एका महागड्या चाकूच्या बदल्यात तीन स्वस्त चाकू देऊ करणारा माणूस तुम्हाला तीन गिऱ्हाइके शोधायचे काम देत असतो.

ज्याचे आधीचे व्यवहार कमी, तो आधी पाठवतो, असा रिवाज आहे. नवखा या नात्याने तो तुम्हाला लागू होणार, म्हणून पहिली अदलाबदल खूप जुन्या, भरपूर नोंदी असलेल्या माणसाशीच करावी, किंवा समोरासमोर भेटून. अटलांटात दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला ब्लेड शो भरतो. तिथे चाकू हातात घेऊन पाहता येतो आणि कारागिरांची ओळख होते. नावाजलेल्या कारागिराच्या टेबलावर चाकू कमी आणि इच्छुक जास्त असले की चिठ्ठ्या काढतात. चिठ्ठी लागली म्हणून न आवडलेला चाकू घेऊ नये. आणि घडवून घेण्याच्या चाकूसाठी कोणी सगळे पैसे आगाऊ मागत असेल तर नकार द्यावा. प्रतीक्षा वर्षांत मोजावी लागते आणि तोवर पैसे आणि कारागिराचा उत्साह दोन्ही आटलेले असतात.

पाठवताना चाकू मिटवून त्याभोवती रबर बँड गुंडाळावा, म्हणजे धक्क्याने पाते उघडणार नाही. त्यावर बुडबुड्यांचा कागद, मग चाकूचे मूळ खोके आणि ते दुसऱ्या, मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. मूळ खोके तसेच पत्ता चिकटवून पाठवणारे लोक आहेत. चाकू शाबूत पोहोचतो, पण खोके फाटते आणि बर्थ कार्डाला घडी पडते. बाहेर कुठेही चाकू असा शब्द किंवा कंपनीचे नाव लिहू नये. अमेरिकी टपालाच्या प्रायॉरिटी सेवेत शंभर डॉलरचा विमा अंतर्भूत असतो. उरलेल्या रकमेचा विमा वेगळा काढावा आणि सही घेऊनच द्यावे अशी सोय मागावी. बंद करण्यापूर्वी आतल्या चाकूचे, बंद केल्यावर खोक्याचे आणि टपाल कचेरीत मिळालेल्या पावतीचे छायाचित्र काढून तिन्ही समोरच्याला लगेच पाठवावीत.